तेहतीस फुटांचा दोर

मार्च निम्मा सरला की आमच्या कॉलनीतली शाळा सकाळची होते. पहिल्या पाळीच्या बसची वाट बघत मी कोपऱ्यावर उभा असतो आणि समोरून डबे हलवत मुलं जातात. डोक्यावर कडुनिंब फुललेला असतो. त्याचा तो गोड, जरा कडवट वास अंगावर आला की बाकीच्यांना काय आठवतं ठाऊक नाही. मला मात्र आपल्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे असं वाटायला लागतं. मी उगाच मागं वळून बघतो. मागं पानाची टपरी असते, तिची फळी अजून उघडलेली नसते.

दर उन्हाळ्याच्या तोंडाला हे होतं. डॉक्टरला सांगावं असं ते दुखणं नाही, आणि बायकोला सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल, म्हणून मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. या वर्षी माझ्या मुलीनं, मनीषानं, ते ओढून काढलं. ती सातवीत आहे. शाळेनं जुन्या मापांचा तक्ता करून आणायला सांगितला होता. शेर, पायली, मण तिनं आईकडून लिहून घेतलं आणि वही घेऊन माझ्याकडं आली. गुंठा म्हणजे केवढा, तिनं विचारलं. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, मी म्हणालो. इतक्या लगेच म्हणालो की तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. आणि मी, काही कारण नसताना, माझे तळहात बघितले.

आमचं गाव तेव्हा गावच होतं. इंद्रायणीच्या काठाला, चऱ्होलीच्या अलीकडं. नाव घेत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची नातवंडं तिथंच राहतात. छप्पन सालाच्या आसपासची गोष्ट. शाळा देवळामागच्या लांबट खोलीत भरायची. सहावी आणि सातवी मिळून आम्ही सतरा जण, आणि दोन्ही वर्गांना मिळून एकच शिक्षक, शेलार गुरुजी. ते जुन्नरकडचे. घरची माणसं तिकडं, इथं ते एकटे, स्वतः भाकरी थापून खायचे. त्यांच्याकडं एक सायकल, एक पत्र्याची ट्रंक आणि दोन फुटांची एक लाकडी पट्टी होती. त्या पट्टीनं त्यांनी कधी कोणाला मारलं नाही. ती मोजायची आहे, म्हणायचे.

सकाळच्या शाळेचं सुख वेगळंच होतं. फरशी गार असायची. ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाट्यांचा वास यायचा. हरभरा नुकता निघालेला, त्यामुळं कोणाच्या तरी खिशात भाजलेला हुळा असायचाच आणि बोटं काळी व्हायची. अकराला शाळा सुटली की पुढची सगळी दुपार आमची. रानं मोकळी, नदीचं पाणी गुडघ्याएवढं. पण त्याच मोकळ्या रानांची त्या वर्षी गावाला भीती वाटत होती. पिंपरीच्या बाजूला कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या. कोणाचा मेहुणा, कोणाचा साडू तिकडचं काहीबाही सांगत यायचा. त्यातलं खरं किती आणि वाढवलेलं किती, कोणी ताडून बघत नव्हतं. आमच्या आळीतले सखाराम तात्या गावात वडीलधारे, त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. पारावर बसून, तंबाखू मळत, ते शांतपणे म्हणायचे, "आदी साखळी येती. मंग खुटी. मंग तार. आन् तार आली का आपुन भाईर."

रस्त्यानं अनोळखी सायकलवाला गेला तरी बायका चूल सोडून दारात यायच्या. टोपी घातलेला माणूस नदीकाठी उभा राहिला तर तो पाणी बघतोय की जमीन, यावर दोन दिवस बोलणं व्हायचं.

अशा दिवसांत शेलार गुरुजींनी आम्हाला क्षेत्रमापन शिकवायला घेतलं. परीक्षा महिन्यावर आली होती आणि पुस्तकात तो धडा होता, एवढंच.

सोमवारी त्यांनी नवा कोरा दोर आणला. सरकारी साखळी तेहतीस फुटांची असते, तिचे सोळा आणे, म्हणजे सोळा सारखे भाग, असतात, असं सांगून त्यांनी दोर फरशीवर पसरला आणि लाकडी पट्टीनं मोजायला लावला. प्रत्येक आण्याला लाल चिंधी बांधायची. चिंध्या त्यांनी स्वतःच्या जुन्या पडद्याच्या फाडल्या होत्या. आमचे पावकी-निमकीचे पाढे, जे आम्ही नुसते घोकत होतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आले. साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा. चाळीस गुंठे म्हणजे एकर. आम्ही हे इतक्या मोठ्यानं म्हणत होतो की देवळात आलेल्या म्हाताऱ्या दारातून डोकावून गेल्या.

मंगळवारी देवळासमोरचं पटांगण मोजलं. आधी त्यांनी प्रत्येकाला अंदाज विचारला. कोणी दहा गुंठे म्हणालं, कोणी एकर म्हणालं. मी ऐटीत सहा म्हणालो. दोर फिरवल्यावर साडेतीन भरलं. मला ते पटेना. मी म्हणालो, दोर चुकला असेल. मुलं हसली, पण गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला दोर पुन्हा पट्टीनं मोजायला लावला. तेहतीस भरला. मग ते जे म्हणाले ते माझ्या कानात अजून आहे.

"शंका आली हे चांगलं झालं. पण शंका आली की मोजायचं. मोजायची तयारी नसेल तर शंका घेऊ नये."

आज मी ज्या कारखान्यात आहे तिथं माझं काम गेज तपासायचं आहे. गेज म्हणजे ज्यानं तयार झालेला भाग मापात आहे का ते बघतात ते माप. ते वापरून वापरून झिजतं, म्हणून तेच मापात आहे का हे मी रोज सकाळी बघतो. नवीन पोरं थट्टा करतात. "काय साहेब, कालच तर बघितलं होतं, रात्रीत काय त्याला पाय फुटले?" मी हसतो आणि सही करायच्या आधी पुन्हा एकदा लावून बघतो. ही सवय शिस्तीची आहे असं माझ्या गोपनीय अहवालात लिहिलं जातं. ती कुठून आली हे फक्त मला ठाऊक आहे.

मंगळवारी शंका घेतली म्हणून असेल, गुरुजींनी दोर माझ्या ताब्यात दिला. गुरुवारी आमचं रान मोजायचं ठरलं होतं, कारण ते गावात त्यातल्या त्यात चौकोनी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हो म्हटलं होतं. गुरुजींना ते नाही म्हणणं शक्यच नव्हतं. आमचा सातबारा गुरुजींनीच त्यांना वाचून दाखवला होता. गावातल्या निम्म्या लोकांचे सातबारे, नोटिसा, मुंबईहून आलेली पत्रं तेच वाचून दाखवायचे.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी दोर खांद्याला अडकवून निघालो. वर्गातला किसन बरोबर होता. नदीच्या वळणावर एक जांभूळ होतं, त्याची एक फांदी पाण्यावर आडवी गेलेली. झोका बांधायची कल्पना कोणाची, हे मी बरीच वर्षं किसनच्या नावावर टाकत आलो. ती माझी होती. आम्ही दोर दुहेरी करून फांदीवरून टाकला आणि दुपारभर दोघं एकदम उभे राहून झोके घेतले. दोर पाण्यात बुडायचा, वर यायचा, पुन्हा ताठ व्हायचा. गाठीपाशी कर्र कर्र आवाज यायचा, तो आम्हाला फार आवडला. संध्याकाळी मी तो दगडावर वाळवला, नीट गुंडाळला, चिंध्या मोजल्या. सोळाच्या सोळा होत्या. म्हणजे काही बिघडलं नाही, असं मी धरून चाललो. फक्त माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले होते आणि मधोमध लाल वळ उठले होते.

गुरुवारी सकाळी आमच्या बांधावर सतरा मुलं, गुरुजी, आबा, आणि कसं काय कळलं ठाऊक नाही, पण काठी टेकत सखाराम तात्याही आलेले. लांबी भरली सव्वाआठ साखळ्या. रुंदी पावणेआठ. गुरुजींनी तोंडी गुणाकार करायला सांगितला आणि मी सगळ्यांच्या आधी ओरडलो, चौसष्टाला एक आणा कमी. मला शाबासकीची इतकी घाई होती की आबांच्या चेहऱ्याकडं माझं लक्षच गेलं नाही.

आबांना अक्षर येत नव्हतं, पण आपलं रान एक एकर अठ्ठावीस गुंठे आहे हे त्यांना स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. अडुसष्ट गुंठे. तात्यांनी बोटांवर काहीतरी केलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, चार गुंठं कुठं ग्येलं?"

गुरुजी खरंच गोंधळले होते. त्यांनी पुन्हा गुणाकार केला. दोराकडं बघितलं. ऊन डोक्यावर आलं होतं, लहान मुलं कावली होती. उद्या ताडून सांगतो, म्हणाले, कुठंतरी चूक आहे. ते वहीत आकडे लिहून घेत होते आणि तात्या त्या वहीकडं बघत होते. ती नजर मी ओळखत होतो. नदीकाठच्या टोपीवाल्याकडं बघायची तीच.

संध्याकाळी पारावर सगळं जुळलं. संशयाला एवढाच वेळ लागतो, एका दुपारचा. मास्तर परगावचा का, घरच्यांना इथं का आणत नाही, सायकलवर दर महिन्याला पुण्याला कशाला जातो. पगाराला जात होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कागद फुकट वाचून देतो तो कशापायी? म्हणजे सगळ्यांची रानं त्याला तोंडपाठ. तीन वर्षं ज्या गोष्टीसाठी लोक त्यांच्या दारात दुधाचा तांब्या ठेवून जात होते, तीच गोष्ट आता पुरावा झाली. पोरांच्या हातून मोजणी करून घेतोय आणि कमी करून वर कळवतोय, असं ठरलं. घरी येताना आबा मला म्हणाले, "तू उद्याच्याला साळंत जा. काय लिवतो त्ये बग आन् मला सांग."

म्हणजे शुक्रवारी मी शाळेत गेलो तो पहारेकरी म्हणून. सतरापैकी सात जण आले होते. किसन नव्हता. गुरुजींनी रिकाम्या जागांकडं बघितलं आणि काही न विचारता दोर मागितला. फरशीवर पसरून पट्टीनं मोजायला लागले. सोळा वेळा पट्टी पडली, बत्तीस झाले. मुठीत उरलेला दोर त्यांनी सरळ केला आणि पट्टी सतराव्यांदा ठेवली. ती पूर्ण भरली. चौतीस.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. कर्र कर्र आवाज पुन्हा ऐकू आला. मी हात मांडीखाली घेतले.

दोर कोणी कशाला वापरला होता का, त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, उलट सुटका होती. त्यांना उत्तर सापडलं होतं, फक्त कारण हवं होतं. कोणी बोललं नाही. मग त्यांनी तो हिशेब पाट्यांवर करायला लावला: दोर फूटभर लांबला तर रान किती कमी दिसेल? मी पाटी दाखवायला गेलो. पाटी घेताना त्यांची नजर माझ्या तळहातावर पडली. तिथं थांबली. मग ते पाटीकडं वळले, उत्तरावर बरोबरची खूण केली आणि पाटी परत दिली. मी जागेवर जाऊन बसेपर्यंत ते मला हाक मारतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी हाक मारली नाही. मी स्वतःहून बोलावं म्हणून त्यांनी थांबून पाहिलं असावं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, आपण सुटलो.

त्या संध्याकाळी ते स्वतः पारावर आले. एका हातात दोर, दुसऱ्या हातात पट्टी. मी आबांच्या पाठीमागं बसलो होतो. त्यांनी सगळ्यांसमोर दोर मोजून दाखवला. नवा दोर ओला होऊन ताणला की लांबतो, लांबला की साखळ्या कमी भरतात, साखळ्या कमी भरल्या की गुंठे कमी. एखाद्या मुलालाही समजेल इतकं सोपं करून सांगितलं. चार गुंठे कुठं गेले नाहीत, जागेवरच आहेत, म्हणाले.

तात्यांनी ऐकून घेतलं. मग मान डोलावत म्हणाले, "सोमवारी तेहतीस, सुक्रवारी चौतीस. मास्तर, दोराला बी दिस ग्येलेत व्हय?"

पार हसला. आबाही हसले. हसू ओसरल्यावर तात्यांनी साधाच प्रश्न विचारला, "ताणला कुनी?"

गुरुजी मान वर करून सगळ्यांकडं बघू शकले असते. त्यांनी बघितलं नाही, दोर गुंडाळत राहिले. "दोर माझा आहे," ते म्हणाले. "रानात नेण्याआधी मी तो तपासायला हवा होता. चूक माझी."

एवढं वाक्य पुरलं. चूक कबूल केली म्हणजे लबाडी पकडली गेली, असाच त्याचा अर्थ लागला. आणि मी आबांच्या सदऱ्याच्या पाठीवरची घामाची रेघ बघत बसून राहिलो.

शनिवारी अर्ज लिहिला. वरच्या अधिकाऱ्यांना, मास्तरची बदली करावी म्हणून. लिहिणार कोण? गावात कागद लिहून देणारा एकच माणूस, आणि अर्ज त्याच्याच विरुद्ध. मग आबा अभिमानानं म्हणाले, आमचा बाळू लिवंल, त्याचं अक्षर छापल्यावानी हाय. ते अक्षर मला कोणी शिकवलं हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तात्या सांगत गेले, मी लिहीत गेलो. फोड फुटले होते, टाक धरताना चुरचुरत होतं. खाली अंगठे उठले. माझं नाव कुठं नव्हतं, पण अर्ज सगळा माझा होता.

परीक्षेच्या आधीच त्यांची बदली झाली. चौकशीला आलेल्या साहेबांनी तो अर्ज त्यांच्यासमोर ठेवला असणारच, आणि अक्षर ओळखायला त्यांना एक ओळ पुरली असणार. ते गेले त्या दिवशी ट्रंक न्यायला कोणी बैलगाडी दिली नाही. सायकलच्या मागं ट्रंक बांधून, सायकल हातानं ढकलत, ते कासारवाडी स्टेशनच्या वाटेला लागले. दोर शाळेतच खुंटीला होता. जाण्याआधी त्यांनी सोळाच्या सोळा चिंध्या सोडून, तेहतीस फुटांत पुन्हा मोजून बांधल्या होत्या. जास्तीचा फूट शेवटी तसाच लोंबत होता. त्यांच्या जागी आलेल्या मास्तरांनी तो दोर पाणी शेंदायला आडाला लावला.

आमचं रान पुढं काही वर्षांनी गेलंच. खरी लोखंडी साखळी घेऊन माणसं आली आणि गाव बांधावर उभं राहिलं. ज्याच्यावर संशय घ्यायला हवा होता त्याच्यासमोर कोणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. मोजणी बरोबर अडुसष्ट गुंठे भरली. आबा बराच वेळ त्या साखळीकडं बघत होते. मला वाटलं, आता गुरुजींचं नाव काढतील. ते म्हणाले, "लोखंड हाय. झोकं खाऊन ताणत न्हाई." आणि माझ्याकडं न बघता घराकडं चालायला लागले. त्यांना केव्हापासून ठाऊक होतं, मी कधी विचारलं नाही. पुढं आबा वारले, आणि ती शंका माझ्याकडंच राहिली, न मोजलेली.

गुरुजी मला पुन्हा एकदाच भेटले. मी नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. कासारवाडीच्या फलाटावर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. मी पाया पडलो, नाव सांगितलं. त्यांनी लगेच ओळखलं. काय करतोस, विचारलं. मी गेजचं सांगितलं. "रोज तपासतोस?" ते म्हणाले. रोज, मी म्हणालो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सहज उलटा केल्यासारखा उलटा केला. तळहात साफ होता, ग्रीसचा थोडा काळपटपणा सोडला तर. गाडीला अजून दहा मिनिटं होती. दहा मिनिटांत सगळं सांगून झालं असतं आणि वर पाणी पिऊन झालं असतं. मी त्यांना हवापाण्याचं विचारलं. गाडी आली. मी पिशवी आत ठेवून दिली.

हे सगळं मी गेल्या रविवारी मनीषाला सांगितलं. तक्त्यासाठी गुंठा आखून बघायचा होता, म्हणून मी भोसरीहून नवा दोर आणला होता. इमारतीच्या पायरीवर बसून ती चिंध्या बांधत होती आणि मी बोलत होतो. इतकं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. शेवटी ती म्हणाली, "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

भीती वाटली, मी म्हणालो.

"कोणाची? आजोबांची?"

मी हो म्हणणार होतो. पण आबांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. खरं ते असं, की त्या संध्याकाळी सगळं गाव एका बाजूला होतं आणि मला त्या बाजूला, मोठ्या माणसांत, बसायला जागा मिळाली होती. ती मला सोडायची नव्हती. हे मी तिला सांगितलं. सांगताना माझा आवाज कसा येत होता मला ठाऊक नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात मला नवीन काहीतरी दिसलं. आजवर मी जे जे सांगेन ते ती खरं धरत आली होती.

तिनं दोर उचलला, दोन्ही हातांत धरून जरासा ताणून बघितला.

"पप्पा, हा दोर तुम्ही आधी कशाला वापरलाय का?"

नाही, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी खिशातला स्टीलचा टेप काढून तिच्या हातात दिला. "मोजून बघ," मी म्हणालो.

तिनं दोर पार्किंगच्या फरशीवर सरळ केला. एक टोक मला धरायला दिलं आणि एकेका चिंधीवर टेप लावत, ओठांत पुटपुटत, दुसऱ्या टोकाकडं सरकत गेली. निम्म्यावर गेल्यावर थांबली, मागं वळली.

"पप्पा," ती म्हणाली, "ओढू नका हं."